सर्फिंगच्या वेडातून छोटा शिवण-उद्योग, तोही खान्देशातून : सल्ला हवा

लाट_आणि_दोरा

नमस्कार मंडळी,

मी फैजपूरची. मंगळुरूला नोकरीला असताना सुट्टीच्या दिवशी मुळकीला जाऊन सर्फिंग शिकले आणि त्यात पार गुंतले. मुळकी मंगळुरूच्या उत्तरेला आहे, शांभवी नदी तिथे समुद्राला मिळते. २००४ साली सुरू झालेला मंत्रा सर्फ क्लब तिथलाच. आपल्या देशात हा खेळ रुजवणाऱ्या पहिल्या जागांमध्ये त्याचं नाव घेतात. घरच्या कारणाने मी आता गावी परतले आहे. ऑफिसचं काम लॅपटॉपवर होतं, पण समुद्र तीनचारशे किलोमीटरच्या आत कुठेच नाही. वर्षातून जमेल तेव्हा भुसावळहून मंगला एक्स्प्रेस पकडते, ती थेट उडुपी-मंगळुरूला जाते.

मुद्द्यावर येते. माझ्या बोर्डासाठी खोळ हवी होती. चांगल्या पॅडच्या खोळी बहुतेक बाहेरून येतात आणि महाग असतात. म्हणून आईच्या मशीनवर मीच एक शिवली. आतल्या बाजूला फोम सरकू नये म्हणून आईने गोधडीसारखा धावदोरा घातला, बोर्डाच्या आकाराला धरून, कडेपासून आत आत येणारा. ती खोळ पाहून तिकडच्या ओळखीच्या लोकांनी मागण्या केल्या. मी काही शिवून पाठवल्या, त्या वापरात आहेत.

आता हे नीट उभं करायचं मनात आहे. गल्लीतल्या दोन काकू शिवणकामात तरबेज आहेत, त्यांनाही सोबत घेता येईल. कापड कोणतं, विकायचं कोणाला, किंमत कशी धरायची, आणि मुळात हे फैजपूरहून करावं की गोव्याला जाऊन राहावं, या सगळ्यावर बोलायला आवडेल. नोकरी लगेच सोडणार नाही.

आत्या_अमळनेर

बाळ, कौतुक वाटलं वाचून. आमच्या पिढीत पोरींना विहिरीत पोहायला शिकवायचे तेवढंच. आधी मला एक सांग, फळीवर उभं राहायचं म्हणजे नक्की काय करायचं? आणि खोळ कशाला लागते? फळी तर पाण्यातच जायची ना?

लाट_आणि_दोरा

आत्या, सविस्तर सांगते.

शिकणाऱ्याला आठ-नऊ फुटी, मऊ फोमचा बोर्ड देतात, कारण तो डोक्यावर आपटला तरी इजा कमी होते. घोट्याला एक दोरी बांधलेली असते, तिला लीश म्हणतात. त्यामुळे पडलं तरी बोर्ड आपल्यापासून लांब जात नाही, दुसऱ्याला लागत नाही. सुरुवातीला कमरेएवढ्या पाण्यात, फुटून पांढरी झालेली लाट घ्यायची. बोर्डावर पालथं झोपायचं, मागून लाट आली की हातांनी पाणी मारायचं, बोर्ड लाटेने उचलला की दोन्ही तळहात छातीशेजारी बोर्डावर टेकवून एका झटक्यात उभं राहायचं. नजर पुढे हवी. खाली पायांकडे पाहिलं की माणूस पडलाच.

पण खरा खेळ लाट वाचण्याचा आहे. आपल्या किनाऱ्यावर येणाऱ्या लांब लाटा पुष्कळदा दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळांनी उठलेल्या असतात. हजारो किलोमीटर चालून त्या इथे येतात, आणि तळ उथळ झाला की उंच होऊन फुटतात. कुठे फुटणार, उजवीकडे उघडणार की डावीकडे, हे पाण्यात बसून बघत राहावं लागतं. मी तासन्‌तास नुसती बघत बसायचे आणि त्यातही मन भरून यायचं. लाट पकडली की बोर्डाखालून जो जोर जाणवतो, तो आपला नसतो, तरी काही क्षण आपण त्याच्याबरोबर असतो. हे मला दुसऱ्या कशातूनही मिळालेलं नाही.

खोळीचं कारण म्हणजे ऊन आणि वाहतूक. बोर्ड आतून फोमचा, वरून फायबरग्लास आणि रेझिनचा थर. उन्हात ठेवला तर पिवळा पडतो. गाडीच्या टपावर तापला तर वरचा थर फोमपासून सुटतो, फुगा येतो. बारीक चीर पडली की आत पाणी शिरतं आणि बोर्ड जड होतो. म्हणून पाण्याबाहेर त्याला जपावं लागतं.

वेंगुर्लेकर

मी किनाऱ्यावरचा, गोव्यात एका सर्फ स्कूलमध्ये शिकवतो, म्हणून थोडं स्पष्ट लिहितो. स्कूलला खोळी लागत नाहीत. आमचे बोर्ड सकाळी रॅकवरून निघतात, दुपारी परत रॅकवर जातात, वर माडाच्या झावळ्यांची सावली असते. खोळ घेतो तो स्वतःचा बोर्ड असलेला माणूस, जो बंगळूर-पुण्याहून गाडीने येतो किंवा स्पर्धांना फिरतो. अशी माणसं वाढत आहेत, पण अजून थोडीच आहेत. प्रत्येकाला एक खोळ लागते आणि ती चांगली असली तर पुढची काही वर्षं तो परत येत नाही. फक्त खोळींवर घर चालणार नाही.

स्कूलला काय लागतं ते सांगतो. बोर्ड खांद्यावर न्यायचे पट्टे, टपावर बांधायचे पट्टे आणि त्याखालची गादी, आणि कपडे बदलायचे पोंचो. शेवटच्याची मागणी सर्वात जास्त आहे, आणि देशात ते नीट बनवणारे फार कमी दिसतात.

हंगाम डोक्यात ठेव. पश्चिम किनाऱ्यावर जून ते सप्टेंबर समुद्र खवळलेला, शिकवणी बंद. आमचं काम ऑक्टोबर ते मे. पण नेमक्या त्याच पावसाळ्यात पूर्व किनारा जागा असतो. चेन्नईजवळचं कोवलम (केरळातलं नव्हे), महाबलीपुरम इथे ऑगस्टमध्ये मोठ्या स्पर्धा होतात. २०२५ च्या ऑगस्टमध्ये महाबलीपुरमला आशियाई स्पर्धा झाली, तिथे रमेश बुडिहाळने कांस्य जिंकलं. आणि तुझ्या मुळकीजवळच, ससिहित्लूला, २०२४ मध्ये मे अखेरीस इंडियन ओपन झाली. तेव्हा दोन्ही किनारे धरलेस तर बारा महिने गिऱ्हाईक आहे. आणि त्यासाठी गोव्यात घर भाड्याने घ्यायची काही गरज नाही. इथलं भाडंच तुझा सगळा नफा खाईल.

लाट_आणि_दोरा

पोंचोबद्दल लिहिलंत ते अगदी मनातलं आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : टॉवेलच्या कापडाचा, टोपी असलेला, गुडघ्याखाली येणारा ढगळ अंगरखा. तो घालून आतल्या आत ओले कपडे काढता येतात. आपल्या बहुतेक किनाऱ्यांवर कपडे बदलायला खोली नसते. मुलगे गाडीच्या दाराआड बदलतात आणि मोकळे होतात. आम्ही मुली ओल्या कपड्यांत तासभर प्रवास करायचो, किंवा मैत्रिणी चादर धरून उभ्या राहायच्या. माझ्यासोबत शिकायला आलेल्या काहीजणींनी केवळ या अडचणीपायी येणं सोडलं. हातात स्वतःचा आडोसा असला तर मुलगी जास्त वेळा पाण्यात जाईल, याबद्दल मला जराही शंका नाही. हे काम मला करायचंच आहे.

बाजारात दिसणारे पोंचो बांध्याने मोठ्या पुरुषांच्या मापाचे असतात. बाही अशी हवी की हात आत ओढून घेता येईल, आणि गळा खाली ओघळणार नाही असा.

शिवणघर

मी भुसावळला बॅगा शिवते, शाळेच्या आणि प्रवासाच्या. ताई, पोंचोसाठी सोलापूरचं टेरी कापड बघा, पण फार जाड घेऊ नका, वाळायला वेळ लागतो. काखेत त्रिकोणी जोड द्या, म्हणजे हात आतून फिरवताना शिवण उसवत नाही. मापाचं म्हणाल तर छातीच्या घेरात निदान फूट-दीड फूट जास्त ठेवा, नाहीतर कोपर अडतं.

खोळीबद्दल : सुती दोरा अजिबात नको, खाऱ्या पाण्यात कुजतो. पॉलिस्टरचा जाड दोरा घ्या, सुई सोळा किंवा अठरा नंबरची. चेन धातूची नको, महिन्याभरात गंजून बसते. दहा नंबरची प्लास्टिक दातांची चेन आणि रनरही न गंजणारा. पाच मिलिमीटर फोम आणि दोन्हीकडे कापड असा थर घरगुती मशीन ओढत नाही, कापड वर-खाली सरकतं. त्याला वॉकिंग फूट, म्हणजे वरचा-खालचा थर एकत्र पुढे ओढणारा मशीनचा पाय, लागतो किंवा बॅगेचं मशीन. माझ्याकडे आहे. पहिल्या काही नगांसाठी येऊन शिवा, भाडं नको, सुया मोडल्या तर तेवढ्या आणून द्या.

बाहेरचं कापड पांढरं किंवा चंदेरी. काळं दिसायला छान असतं, पण आतला बोर्ड शिजतो.

आणि एक विचारते. धावदोऱ्याच्या भोकांतून पाणी आत जात नाही का?

लाट_आणि_दोरा

शिवणघर ताई, येणार, नक्की येणार! मनापासून आभार.

पाणी जातं, पण थोडं जाणं चांगलंच. ओला बोर्ड बंद खोळीत राहिला तर आत वाफ धरते आणि बुरशी येते. फक्त बाहेरच्या चंदेरी थराला टाके नको. आतलं अस्तर आणि फोम एवढंच धावदोऱ्याने बांधायचं, मग बाहेरचा थर कडेला जोडायचा. आईने हेच केलं होतं.

केळीचं_पान

रावेरकडचा शेतकरी. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, पण घड काढल्यावर खोड बांधावर पडतं तसंच पडतं. त्याचा धागा निघतो, आमच्याकडे गटाने यंत्र बसवलंय. ताई, खोळ केळीच्या धाग्याची केली तर? नावही होईल आणि आमचा मालही जाईल.

लाट_आणि_दोरा

दादा, मलाही हे सगळ्यात आधी सुचलं होतं, म्हणून थोडा धागा आणून भिजवून पाहिला. कोरडा असताना मजबूत आहे. पण पाणी खूप पितो, खाऱ्या हवेत ओलसर राहतो, मग काळे डाग पडतात. सतत ओल्या बोर्डाला टेकणाऱ्या वस्तूसाठी तो नाही. केवळ गोष्ट छान वाटते म्हणून मी चुकीच्या जागी वापरला, तर गिऱ्हाईक एका हंगामात माल परत करेल आणि केळीच्या धाग्याचंच नाव खराब होईल.

पण कोरड्या वस्तूंसाठी हवाच आहे. पोंचो गुंडाळून द्यायची पिशवी, टोपी, पाकिटं. आणि मी लिनोकटचे, म्हणजे मऊ पाटीवर चित्र कोरून, छाप काढते, लाटांचे आणि होड्यांचे, त्यासाठी केळीच्या धाग्याचा हातकागद मिळाला तर फार आवडेल. तुमच्या गटाकडे कागद करणारं कोणी आहे का?

केळीचं_पान

पटलं. कागदाची चौकशी करून सांगतो.

एमआयडीसीवाला

जळगाव. चटईच्या कारखान्यात आहे. तुम्ही सगळे कापडाच्या मागे आहात, आपल्या गावाची चटई कोणाला आठवली नाही याचं नवल वाटतं. प्लास्टिकची विणलेली चटई, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. पाणी पीत नाही, मिठाने काही होत नाही, वाळू झटकली की खाली पडते. खोळीचा खालचा भाग, जो जमिनीवर टेकतो आणि आधी फाटतो, तो चटईचा करा. कडेला गोट मारा. आणि कपडे बदलताना पायाखाली घ्यायची छोटी चटई वेगळी विकता येईल, पोंचोच्या जोडीला.

एक गोष्ट मात्र आधीच सांगतो. साधं पॉलिप्रॉपिलीन उन्हात काही महिन्यांत ठिसूळ होतं, काड्या तुटायला लागतात. काडी काढतानाच त्यात अतिनील किरणांपासून वाचवणारं मिश्रण घालावं लागतं. मागवताना ते सांगून, लिहून घ्या. स्वस्तातली घेऊ नका.

लाट_आणि_दोरा

हे वाचून मी आईला हाक मारून दाखवलं. घरात लहानपणापासून चटईवर जेवतोय आणि हे डोक्यात आलं नव्हतं! खोळीचा तळ चटईचा, अस्तर गोधडीच्या टाक्याचं, वर चंदेरी कापड. अशी खोळ मी तरी कुठे पाहिलेली नाही. नमुन्याला थोडी मिळेल का?

पांझराकाठ

धुळ्यातून. ताई, भारी काम शे! समुद्र दूर शे ते काय व्हयनं? आठल्या बाया गोधड्या शिवतस तश्या कोठे शिवतस?

समुद्राच्या लाटांचे, भरतीचे इशारे देणारी इन्कॉईस ही सरकारी संस्था हैदराबादला आहे, तिथून समुद्र किती लांब! आणि बिलाबाँग हे सर्फिंगचं जगभर गेलेलं नाव १९७३ मध्ये ऑस्ट्रेलियात गोल्ड कोस्टला एका जोडप्याने घरच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर चड्ड्या शिवून सुरू केलं. त्यांची ख्याती तिहेरी शिवणीची होती, न उसवणारी. म्हणजे सुरुवात शिवणीच्या दर्जाची होती, चित्रं नंतर आली.

मी डिझाइनचं काम करतो म्हणून एक आग्रह. लाटेचं चित्र म्हटलं की सगळे होकुसाईच्या त्या जपानी लाटेकडे जातात. क्विकसिल्व्हर या सर्फिंगच्या कपड्यांच्या कंपनीचं चिन्हही त्यावरूनच आलं आहे. ती वाट नको. आणि सोपं पडतं म्हणून वारलीही नको, ती आपल्याकडची नाही, ती त्या लोकांची आहे. तुझ्याकडे आईचा धावदोरा आहे, बोर्डाच्या कडेने फिरत आत जाणारा. तीच तुझी खूण. वेगळा लोगो छापायची घाईच करू नको.

कोणी आपल्या खान्देशच्या कानबाई देवीचं चित्र टाक म्हणेल. ते करू नको असं मी म्हणेन. ज्या वस्तूवर वाळूचे पाय पडणार तिच्यावर कानबाई नको.

तुला मेण करून विकायचं सुचलंय का? बोर्डावर घासतात ते.

लाट_आणि_दोरा

दादा, कानबाईबद्दल पूर्ण सहमत. आमच्याकडे श्रावणात घरोघरी बसते, तिला असं वापरणं माझ्याने होणार नाही.

मेणाचं : पाय घसरू नये म्हणून बोर्डावर मेण घासतात, आणि आपल्या उष्ण पाण्यासाठी ते कडक प्रकारचं लागतं. सातपुड्यातल्या मधाबरोबर मधमाश्यांचं मेण मिळतं, ते ६२ ते ६५ अंशांच्या आसपास वितळतं, पण मऊ त्याच्या बरंच आधी पडतं. त्यात नारळाचं तेल घातलं की आणखी लवकर. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये सावलीत पारा पंचेचाळीसच्या घरात जातो, कुरिअरच्या बंद गाडीत किती होत असेल! डबीत वितळलेलं मेण गिऱ्हाइकाला पाठवायचं नाही. किनाऱ्यावर राहणाऱ्या कोणी करावं हे काम, मी विकत घेईन.

हिशेबनीस

जळगावला करसल्लागार आहे. भावनेचं सगळ्यांनी लिहिलं, मी पैशांचं लिहितो, कारण चांगले हात असलेली कामं इथेच बसतात.

पहिलं, कुरिअर. कुरिअरवाले नुसतं वजन बघत नाहीत, आकारमानाचं वजन बघतात. लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, सेंटिमीटरमध्ये, भागिले ५०००, हे बहुतेकांचं सूत्र. समजा घडी घातलेली खोळ ६० बाय ५० बाय २० ची झाली, तर १२ किलोचे पैसे पडतील, प्रत्यक्षात ती दोन किलोची असली तरी. पोंचोचं पाकीट ४० बाय ३० बाय ८ चं धरलं तर दोन किलोच्या आत बसतं. म्हणून पोंचो ऑनलाइन विका, आणि खोळी जमवून एकदम रेल्वे पार्सलने किंवा खासगी बसने किनाऱ्यावर एका माणसाकडे पाठवा. वेंगुर्लेकर तयार असतील तर त्यांचं कमिशन किंमतीत आधीच धरा.

दुसरं, किंमत. कापड, फोम, चेन, दोरा लिहून झालं की काकूंची मजुरी तासावर धरा, नगावर नको. निदान शिकण्याच्या काळात तरी. आणि आईचे व तुमचे तासही लिहा. घरच्यांचे तास फुकट धरून ठरवलेली किंमत मागणी वाढली की कोसळते, कारण मग बाहेरचा माणूस ठेवावा लागतो आणि त्याला द्यायला पैसे नसतात. खराब निघालेले नग, बदलून दिलेले नग, हेही त्यात यायला हवेत.

तिसरं, कागद. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी, ऑनलाइन, मोफत. पैसे मागणाऱ्या वेबसाइटपासून सावध. वस्तू विकणाऱ्याला जीएसटीची मर्यादा ४० लाखांची आहे, पण ती राज्यातल्या विक्रीला. तुमचं गिऱ्हाईक कर्नाटक, गोवा, तमिळनाडूत आहे, आणि दुसऱ्या राज्यात माल विकायचा तर साधारणपणे पहिल्या रुपयापासून नोंदणी लागते. हस्तकलेच्या ठरावीक वस्तूंना त्यात सूट आहे. तुमच्या वस्तू त्या यादीत बसतात का, हे पहिल्या बिलाआधी तपासून घ्या. नावाचा ट्रेडमार्क एका वर्गासाठी ऑनलाइन ४,५०० रुपये, कपडे २५ व्या वर्गात येतात. कर्ज लागलंच तर सरकारच्या मुद्रा कर्ज योजनेच्या शिशु गटात ५० हजारांपर्यंत मिळतं. बॅगेचं मशीन घ्यायला तेवढं पुरावं.

आत्या_अमळनेर

हिशेबनीस भाऊंनी तासाचं लिहिलं ते सोळा आणे खरं. मी एक सांगते. काकूंचा वेळ कधी मोकळा असतो ते आधी बघ. पावसाळ्यात निंदणी, दिवाळीच्या मागेपुढे कापूस वेचणी, तेव्हा बाईला शेतात रोज मिळतो, ती शिवायला बसणार नाही आणि बसवूही नये. उन्हाळ्यात मात्र शेत रिकामं. सकाळी लवकर दोन-तीन तास काम होतं, ऊन चढायच्या आत. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या पोरीही हात लावतील.

वेंगुर्लेकर

आत्यांचं हे आमच्या हंगामाशी बरोबर जुळतं. मार्च ते मे शिवा. तो माल मे अखेरच्या स्पर्धेला आणि ऑगस्टला पूर्व किनाऱ्यावर जाईल. उरलेला सप्टेंबरअखेर माझ्याकडे पाठवा, ऑक्टोबरला सर्फ स्कूल उघडतात. मी माल ठेवायला तयार आहे. कमिशन नको म्हणणार नाही, पण पहिली खेप विकली गेल्यावर ठरवू.

एक अट माझी. प्रत्येक गोष्ट आधी तू स्वतः पाण्यावर नेऊन वापरायची. तुझ्या मालाचं मोल त्यातच आहे.

वाघूरकाठ

मस्त धागा. हतनूर धरणाच्या पाण्यात मुलांना बोर्डावर उभं राहायला शिकवता येणार नाही का? इथेच गिऱ्हाईक तयार होईल.

लाट_आणि_दोरा

वाघूरकाठ, नको. धरणाचे दरवाजे, तळातला गाळ, जीवरक्षक नाही, आणि तिथे लाटही नाही. मुलांना शिकवायचं तर आधी तलावात पोहणं शिकवू या, त्यात मी मदत करेन.

वेंगुर्लेकर दादा, अट मान्य, आनंदाने.

सगळ्यांचं वाचून आता क्रम असा ठरवतेय. आधी पोंचो, मुलींच्या तीन मापांत. शिवणघर ताईंकडे कापून बघते, मग गल्लीतल्या काकूंना दाखवते. मजुरी तासावर. सोबत पायाखालची छोटी चटई. खोळी मागणीप्रमाणेच, बोर्डाची लांबी-रुंदी आणि टोकाचा आकार विचारून. प्रत्येक खोळ दुरुस्तीला परत घेईन, चेन गेली किंवा शिवण उसवली तर. वेंगुर्लेकर म्हणाले की चांगली खोळ घेणारा वर्षानुवर्षं परत येत नाही. दुरुस्तीला आला तर मला आवडेल, कुठे फाटते तेही कळेल. उद्यम नोंदणी या आठवड्यात. जीएसटीबद्दल हिशेबनीस काका, तुम्हाला निरोप पाठवते.

एमआयडीसीवाला दादा, चटईचा पन्हा किती मिळतो? नऊ फुटी बोर्डाची रुंदी साधारण तेवीस इंच असते. कडेचा गोट आणि जाडीचा भाग धरून तीस इंच तरी लागेल, आणि मधे जोड नको आहे.

एमआयडीसीवाला

जोड लागणार नाही. चार फुटी पन्हा नेहमीचा, सहा फुटीही असतो. चार फुटीत तुमची एक पट्टी निघून उरलेल्यातून पायाखालच्या चटया निघतील, वाया काही जाणार नाही. मिश्रण घातलेल्या काडीचा नमुना दोन रंगांत काढून ठेवतो, पांढरा आणि केळीच्या पानाचा हिरवा. जळगावला याल तेव्हा बोर्डही घेऊन या, त्यावर मांडूनच कापू.